वहीतलं हळदीकुंकू

फेब्रुवारीतल्या एका रविवारी माझी पत्नी धरणाच्या काठावर वारली. सव्वानऊला फोन आला, तेव्हा मी घरी वर्तमानपत्र वाचत होतो. दहाला मी तिथे पोचलो. डॉक्टरांनी हृदय थांबल्याचं लिहून दिलं. संध्याकाळी पाचला तिला अग्नी दिला.

तिच्या वस्तू कोणीतरी एका पिशवीत भरून आमच्या दारामागे ठेवल्या होत्या. चौथ्या दिवशी मी ती पिशवी उघडली. कॅमेरा, दुर्बीण, चष्म्याची डबी, चिखलाने भरलेले बूट, आणि पोह्यांचा डबा. डबा रिकामा होता आणि त्यात दोन चमचे होते.

दोन चमच्यांकडे मी त्या दिवशी फार लक्ष दिलं नाही. मी वही शोधत होतो. चारशे पानांची, वर्तमानपत्राचं कव्हर घातलेली, दोऱ्याने शिसपेन्सिल बांधलेली. त्या वहीशिवाय ती सहा वर्षांत एकदाही काठावर गेली नव्हती. पिशवीत वही नव्हती. मी पिशवी उलटी केली. वाळलेला चिखल पडला, तो झाडून टाकला.

आम्ही मेहकरला राहतो. मी राहतो, असं आता लिहायला हवं. मी कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवतो. ती मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवत असे. सहा वर्षांपूर्वी शाळेच्या कुठल्याशा प्रकल्पासाठी ती मुलींना धरणावर घेऊन गेली आणि तिथे तिने कुरव पाहिला. समुद्र तिने लग्नानंतर एकदाच पाहिला होता. पण समुद्राकाठचा हा पक्षी हिवाळ्यात पैनगंगेच्या पाण्यावर येऊन बसतो, हे कळल्यावर ती तीन दिवस दुसरं काही बोलली नाही. मग दुर्बीण आली, कॅमेरा आला, आणि आमच्या घरातले रविवार धरणाला गेले.

कागदावर ते काही अभयारण्य नव्हे. वन विभागाची एक पाटी आहे, पक्षी मारू नयेत, अंडी उचलू नयेत म्हणून. पाणी उतरलं की लोक गाळपेरीचा हरभरा पेरतात, आणि जिथे पाय रुतल्यामुळे पेरता येत नाही, तेवढी दलदल पक्ष्यांना उरते. थापट्या, चक्रवाक, शेकाट्या, नदीसुरय. ही नावं मला तिच्यामुळे माहीत झाली. पक्षी मी फारसे पाहिले नाहीत. तिच्याबरोबर मी दोनदा गेलो. पहिल्यांदा पुस्तक नेलं होतं, दुसऱ्यांदा सर्दी घेऊन आलो. त्यानंतर तिने विचारणं बंद केलं. दुपारी जेवताना ती त्या दिवशीची यादी वाचून दाखवी. मला नावं आवडत. एखादं नाव कुठून आलं असेल, यावर मी बोलत बसे आणि तिची भाजी निवून जाई.

तेरावं झाल्यावर, पाहुणे गेल्यावर, मी कॅमेऱ्यातलं कार्ड कॉम्प्युटरला लावलं. त्या सकाळचे एकोणतीस फोटो होते. अठ्ठावीस पक्ष्यांचे. शेवटच्या फोटोत ती स्वतः होती.

ती पाण्याकडे पाठ करून उभी होती आणि कॅमेऱ्याकडे बघून हसत होती. तिचा डावीकडचा एक दात पडला होता. तेव्हापासून हसताना ती तोंडावर हात धरायची, माझ्यासमोरसुद्धा. या फोटोत हात खाली होता आणि तोंड सगळं उघडं होतं. फोटोच्या कोपऱ्यात एक धूसर तपकिरी डाग होता. कोणाचं तरी बोट भिंगावर आलं होतं. खालच्या कडेला एक सावली होती. सकाळच्या उन्हात लांब झालेली, आणि डोक्याशी रुंद. फोटोवरची वेळ होती सात बेचाळीस.

मला फोन आला होता सव्वानऊला.

मी हे जसं घडलं तसं लिहितो आहे. त्या वेळी मला पहिल्यांदा दुःख झालं नाही. मला पहिल्यांदा दोन चमचे आठवले. दर रविवारी घरी आल्यावर मी तिला विचारत असे, कोण होतं सोबत? ती म्हणे, कोण असणार, मी एकटीच. सहा वर्षं मी ते उत्तर मान्य केलं होतं, कारण प्रश्न विचारताना माझं लक्ष वर्तमानपत्रात असे. आता मला एवढंच हवं होतं: कॅमेऱ्यामागे कोण होतं. जो कोणी होता, तो दीड तास कुठे होता. आणि ती त्याच्याकडे बघून तशी का हसली.

सावलीच्या रुंद डोक्यावरून मी ठरवलं की ती टोपी आहे. मोठ्या कडांची. तशी टोपी घालणारा एक गृहस्थ गावात आहे. त्यांचं औषधांचं दुकान आहे, आणि हाताएवढ्या लांब भिंगाचा कॅमेरा गळ्यात अडकवून ते धरणावर जातात. दोन-तीनदा ते पक्ष्याचं नाव विचारायला आमच्याकडे आले होते. मी फोटो छापून घेतला आणि दुकानात गर्दी नसताना गेलो.

त्यांनी फोटो काउंटरवर ठेवला, चष्मा कपाळावर सरकवला आणि बराच वेळ पाहिला.

"सर, हा आमच्यातल्या कोणाचा नाही."

"कशावरून?"

"पाणी पाहा ना. सगळं धरण उजवीकडे सांडून राह्यलं. आणि हे बोट. भिंगावर बोट ठेवणाऱ्या माणसाला मी दुसऱ्यांदा सोबत नेत नाही."

"तुम्ही होता त्या रविवारी?"

ते माझ्याकडे पाहू लागले. मी काय विचारतो आहे, हे त्यांना हळूहळू कळत गेलं, आणि त्यांना ते कळतं आहे हे मला दिसत होतं. त्यांना राग आला नाही. ते म्हणाले, "रविवारी मी नऊच्या आत उठत नाही सर. घरात विचारा. माझे सगळे पक्षी संध्याकाळचे आहेत." मग फोटो माझ्याकडे सरकवत म्हणाले, "वहिनींना एवढं मोकळं हसताना मी तर कधी पाहिलं नाही. तुम्ही पाहिलं असेल."

मी हो म्हणालो.

पुढच्या रविवारी मी धरणावर गेलो. ज्यांनी मला फोन केला होता, ते तिथले मासे धरणारे गृहस्थ. साठीचे असतील. ती त्यांना मामा म्हणे, म्हणून मीही म्हणू लागलो. त्यांची झोपडी काठावरच आहे. मामा जाळं उलगडत बसले होते. त्यांची बायको थर्माकोलच्या तराफ्यावर साचलेलं पाणी उपसत होती. मला पाहून ती थांबली.

"सर, च्या घेता का?"

"तू आपलं काम कर वो," मामा म्हणाले. ती पुन्हा पाणी उपसू लागली.

मी मामांना विचारलं, त्या दिवशी सकाळी तिच्यासोबत कोण होतं.

"मी नऊले पाह्यलं. पाह्यलं आन् तुमाले फोन केला."

"त्याच्या आधी?"

"त्याच्या आंधी मी पान्यात होतो."

"पाण्यातून काठ दिसत नाही का?"

"सर," मामा म्हणाले, "तुमी पुस्तकात असले म्हंजे तुमाले दार वाजलेलं आयकू येते का?"

हे उत्तर त्यांच्या तोंडी फार तयार असल्यासारखं मला वाटलं. मी वहीबद्दल विचारलं. मामांनी जाळ्याची गाठ दातात धरली, म्हणजे बोलायला नको. आणि तेव्हा मला मामींच्या अंगावरचं स्वेटर दिसलं. तपकिरी, कोपरावर विणून जोडलेलं. ते जोड माझ्या बायकोने माझ्यासमोर बसून विणले होते.

 चहा न घेता निघालो. रस्त्याने मी मनाशी जुळवत गेलो: वही नाही, स्वेटर यांच्याकडे, फोन उशिरा, नवऱ्याने बायकोला गप्प केलं. जुळवायला बसलं की सगळं जुळतं. ते स्वेटर तिने थंडीच्या सुरुवातीलाच कपाटातून काढलं होतं आणि "कोणाला तरी देते" असं म्हणाली होती, हे मला फार पुढे आठवलं. कोणाला, हे मी विचारलं नव्हतं.

मी सरळ धरणाशेजारच्या गावात गेलो, पोलीस पाटलाकडे. पाटील माझा जुना विद्यार्थी. आता चाळिशीचा आहे, पण मला पाहून उठला, वाकून नमस्कार केला आणि बायकोला पोहे टाकायला सांगितले. मी नको म्हणालो.

"सर, एक इचारू का? राग येऊ देऊ नका."

"विचार."

"मॅडम तिथी काय करत होत्या?"

"पक्षी पाहायच्या. मोजायच्या."

"पक्षी तं गच्चीवरूनबी दिसतात."

"ते वेगळे."

"बरं. आन् मोजून काय करत होत्या?"

हा प्रश्न मी तिला कधी विचारला नव्हता. "वहीत लिहायची," मी म्हणालो.

"हाव, ते आमाले माहीत हाये." त्याने खुर्ची जवळ ओढली आणि आवाज उतरवला. "दिवाळीच्या आंधी मी सोता पाह्यली ती वही. मॅडम दुर्बिनीत होत्या. वही दगडावर, पानं उडून राह्यले होते, म्हनून मी हात लावला. तं त्यात लिवलेलं: हळदीकुंकू, नऊ, पान्यात. खाली लिवलं होतं: एक मेलेलं, काठावर पुरलं." त्याने खुर्ची पुन्हा मागे सरकवली. "मराठी तुमीच शिकवलं सर. मले वाचता येते."

आमच्या भागात कोणी उजाडायच्या आत पिशवी घेऊन पाण्याकाठी गेलं आणि तिथे हळदकुंकू सापडलं, तर लोक दोनच गोष्टी समजतात. एक तर करणी, नाही तर गुप्तधन. शिकलेली बाई असली तर अधिकच. पाटील काय म्हणतो आहे, ते मला लगेच कळलं. आणि तो कसा चुकला आहे, तेही लगेच कळलं. हळदीकुंकू हे बदकाचं नाव आहे. चोच काळी, चोचीचं टोक पिवळं आणि बुडाशी दोन लाल ठिपके, म्हणून हळदीकुंकू. ते नाव तिने मला एका दुपारी जेवताना सांगितलं होतं, आणि किती नेमकं नाव आहे म्हणून मी दोन दिवस वर्गात सांगत होतो. नऊ बदकं पाण्यात होती, एक मेलेलं सापडलं, कुत्र्यांनी ओढू नये म्हणून तिने पुरलं.

हे एक वाक्य मी त्या वेळी बोलायला हवं होतं. मी बोललो नाही. मला पाटलाच्या बोलण्यात फक्त वही दिसली.

"वही आता कुठे आहे?"

"मले काय माहीत सर?"

"तू हात लावला होतास तिला."

"तवा लावला. आता कोठी हाये, मले काय माहीत?"

तो दुखावला. आणि मी बदकाबद्दल काहीच बोललो नाही, त्याचा अर्थ त्याने आपल्या परीने लावला असणार. मी खिशातून फोटो काढून त्याच्यासमोर ठेवला. हा कोणी काढला, ते शोध, म्हणालो. ही टोपीवाल्या माणसाची सावली आहे, म्हणालो.

पाटलाने फोटो खिडकीपाशी नेला. तिरका धरला, सरळ धरला.

"सर, हे टोपी नोहे," तो म्हणाला. "टोपलं हाये. मासोळ्याचं."

आणि मी म्हणालो, "मामांच्या बायकोच्या अंगावर माझ्या बायकोचं स्वेटर आहे."

हे मी म्हणालो. कोणी माझ्या तोंडून वदवून घेतलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी मामा आमच्या घरी आले. सहा वर्षांत पहिल्यांदा. मी आत या म्हणालो, ते उंबऱ्याच्या बाहेर उभे राहिले. बसा म्हणालो, बसले नाहीत. त्यांच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं.

"काल सांजी तिले ओट्यावर बोलावलं. गावातल्या बायाबी होत्या. इचारलं, मॅडमसंगं तू काय पुरत होती? आता माही बायको अंगठा लावते सर. ती काय सांगन? तिनं सांगतलं, बदक पुरलं. तं हासले सारे. म्हने, बदकाचं मयत कोन करते?"

मी काही बोलणार होतो. मामांनी हात वर केला.

"मंग स्वेटर इचारलं. कोनाचं, कसं आलं. तिनं तिथीच काढलं आन् पाटलाच्या हाती देल्लं. थंडीचं. हे घ्या." त्यांनी ती गुंडाळी माझ्या हातात दिली. "आता तिच्या टोपल्यातली मासोळी गावात कोनी घेत नाई. हिच्या हातून काय येईन काय नाई, म्हन्तात."

"मामा, माझी चूक—"

"तुमी तं वाचलेले मानसं," मामा म्हणाले आणि पायऱ्या उतरून गेले.

मी माझ्या बायकोचं पक्ष्यांचं पुस्तक घेऊन दुसऱ्या दिवशी गावात गेलो. ग्रामपंचायतीच्या ओट्यावर पंधरा-वीस माणसं जमली. बाया जरा लांब उभ्या होत्या. मी चित्राचं पान उघडून सगळ्यांना दाखवलं. हे बदक. हे पिवळं टोक, हे लाल ठिपके. याचं नाव हळदीकुंकू. पुस्तकात छापलेलं आहे, वाचा.

पाटलाने वाचलं. मोठ्याने वाचलं, प्रत्येक अक्षर फोडून, वर्गात उभं केल्यासारखं. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

एक म्हातारे पुढे आले, पुस्तक डोळ्यांजवळ नेऊन म्हणाले, "अरे, हे तं आपल्या धरनातलं बदक हाये बे!"

"याले कुंकू कोनं लावलं असन?"

"तुह्या सासूनं!"

लोक हसले. बायाही पदर तोंडाला लावून हसल्या. मला वाटलं, झालं. तेवढ्यात मागून कोणीतरी विचारलं, "ते ठीक हाये सर, पन मेलेलं पुरलं काऊन? आन् लिवून काऊन ठेवलं?"

मी सांगितलं, कुत्र्यांनी ओढू नये म्हणून पुरलं, आणि किती जगले किती मेले याची नोंद ठेवतात म्हणून लिहिलं. काहींनी माना डोलावल्या. तो माणूस मात्र माझ्याकडे तसाच बघत राहिला. त्याच्या नजरेत काय होतं, ते मला ओळखता आलं. दोन आठवडे मी जगाकडे त्याच नजरेने बघत होतो.

तिथून मी काठावर गेलो. स्वेटर पिशवीत होतं. मामी झोपडीच्या सावलीत बसून विळीवर मासे साफ करत होत्या. मामा नव्हते. मी उभा राहिलो. त्यांनी हात धुतले, आत गेल्या आणि पिठाच्या डब्यामागून प्लास्टिकमध्ये बांधलेली वही काढून आणली. माझ्यासमोर जमिनीवर ठेवली. मी विचारलंही नव्हतं.

"तुमच्याकडे होती?"

"हाव."

"का घेतली?"

"काऊन?" त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "पाटलानं वही वाचली, तवापासून गावातल्या बाया मले इचारत, तुही मॅडम काय करून राह्यली म्हनून. म्या मॅडमले सांगतलं. त्या हासल्या. म्हने, मामी, मी आता दुसरं नाव लिहिते. त्यायनं तुमाले नाई सांगतलं?"

"नाही."

"मले वाटलंच."

 मग एकेक सांगत गेल्या. त्या दिवशी दोघींनी पोहे खाल्ले. मॅडम म्हणाल्या, आज माझा एक फोटो काढ, आणि कुठे दाबायचं ते दाखवलं. टोपलं डोक्यावर तसंच होतं, कारण फाट्यावर जायला उशीर होत होता. रविवारी डोणगाव रस्त्याच्या फाट्यावर गिऱ्हाईक लवकर येतं. मॅडम म्हणाल्या, तू जा, मी बसते जरा, दमल्यासारखं वाटतं. त्या गेल्या. नऊच्या सुमाराला परत आल्या.

"दगडाले टेकून होत्या. मले वाटलं, डोळे मिटले असन. हात लावला." मामींनी आपला ओला हात पाहिला. "मंग पह्यले वही उचलली. मंग यायले पान्यातून हाक मारून बोलावलं."

"आधी वही?"

"मॅडम तशा पडलेल्या, बाजूले वही, आन् वहीत हळदीकुंकू. सवाष्ण बाई. लोक काय म्हन्ले असते? केलं ते उलटलं म्हन्ले असते. मले वाचता येत नाई. कोन्त्या पानावर हाये, मले काय माहीत? म्हनून सारीच घेतली." त्यांनी वहीवरचं प्लास्टिक सारखं केलं. "तुमाले तोंड दाखवाले जागा राह्यली नसती, सर."

मी खाली बसलो. वही उचलली नाही. मला वहीपेक्षा ते एकच विचारायचं होतं, आणि ते आता विचारता येईल असं मला वाटलं.

"मामी, ती हसली कशाला? तुम्ही काय बोलत होता?"

त्यांनी विळी पुढे ओढली, पायाखाली धरली, एक मासा घेतला.

"तुमी पह्यल्यांदा आले, तवा म्या च्या इचारला. तवा तुमी मले इचारलं असतं, तं सांगतलं असतं. तुमी पाटलाले इचारलं."

"आता विचारतो आहे."

"आता नाई सांगत."

त्या रागाने बोलल्या नाहीत. उद्या हाट नाही, असं सांगावं तसं सांगितलं. मी स्वेटर त्यांच्याजवळ दगडावर ठेवलं. त्यांनी ते घेतलंही नाही आणि परतही केलं नाही.

घरी येऊन मी वही पहिल्या पानापासून वाचली. सहा वर्षांचे रविवार. पहिली चार वर्षं तिचं अक्षर, तिचे आकडे. त्यानंतर आकड्यांच्या जागी रेघा आहेत. चार उभ्या, एक आडवी, अशा गटांनी. जाड, पेन्सिल दाबून मारलेल्या, ओळीबाहेर गेलेल्या. तिचा हात असा नव्हता; हा अंगठा लावणाऱ्या बाईचा हात होता. सुरुवातीला रेघा दोन-चार आहेत. तिच्या शेवटच्या हिवाळ्यात पानंच्या पानं त्याच आहेत, आणि तिने फक्त समोर पक्ष्याचं नाव लिहिलं आहे. दिवाळीनंतर हळदीकुंकू हे नाव कुठे नाही. त्याऐवजी ती प्लवर लिहू लागली होती. तेही त्याच बदकाचं मराठीतलं दुसरं नाव. ते नाव मला सांगताना तिने कारण सांगितलं नव्हतं, आणि हळदीकुंकू किती चांगलं होतं असं मी म्हणालो होतो, तेव्हा ती गप्प राहिली होती, हेही मला आठवलं.

मी तिच्यावर संशय घेतला, तेव्हा मला वाटत होतं की ती माझ्यापासून कोणालातरी लपवत होती. वहीत तसं काही नाही. रविवारच्या याद्या ती मला वाचून दाखवतच होती. त्या रेघा कोणाच्या, हे सांगण्याइतका वेळ मी गप्प बसलो नाही.

याला आता दोन हिवाळे झाले. पाटलाने पुढे होऊन मामींकडून मासे घेतले, चार लोकांसमोर, आणि गावातली काही घरं पुन्हा घेऊ लागली. काही अजून घेत नाहीत. औषधवाल्या गृहस्थांची मी क्षमा मागितली. ते म्हणाले, कशाबद्दल, आणि मला पक्ष्यांची यादी दिली. स्वेटर मामींच्या अंगावर मी पुन्हा पाहिलं नाही.

रविवारी मी धरणावर जातो. वहीत उरलेल्या पानांवर लिहितो. मला तीस-एक पक्षी ओळखता येतात, चुकतातही. मामी पलीकडच्या काठाला असतात. समोर आलो तर त्या सर म्हणतात, मी मामी म्हणतो. त्यांनी मला अजून बसायला सांगितलेलं नाही.